क्षिप्रेची सांज आणि कवीचा तिसरा क्षण

आधुनिक हिंदी कवितेचा विचार गजानन माधव मुक्तिबोध यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. हिंदीतील या मोठ्या कवीच्या घरात मात्र मराठी बोलली जात होती. मराठी वाचकाला मुक्तिबोध म्हटले की बहुधा शरच्चंद्र मुक्तिबोध आठवतात. 'नवी मळवाट'चे कवी, 'क्षिप्रा' कादंबरीचे लेखक आणि 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे समीक्षक. गजानन माधव हे त्यांचे थोरले बंधू. दोघांची जडणघडण माळव्यातच झाली. धाकट्याने मराठीची वाट धरली, थोरल्याने हिंदीची. धाकट्याने आपल्या पहिल्या कादंबरीला ज्या नदीचे नाव दिले, तिच्याच काठी थोरल्याच्या कवितेचा उगम झाला होता.

माळव्यात मराठी माणूस पोहोचला तो अठराव्या शतकात, पेशव्यांच्या सरदारांबरोबर. उज्जैन शिंद्यांकडे आले आणि राणोजी शिंदे यांचे कारभारी रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्उभारणी केली. पुढे दौलतराव शिंदे यांच्या काळात राजधानी ग्वाल्हेरला गेली, पण उज्जैनच्या गल्लीबोळांत मराठी घरे राहिली. मुक्तिबोधांचे पूर्वज असेच खानदेशातून उत्तरेकडे गेलेले. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिस खात्यात अधिकारी होते. आई पार्वतीबाई बुंदेलखंडाच्या बाजूच्या. 13 नोव्हेंबर 1917 रोजी श्योपूर येथे गजाननाचा जन्म झाला.

पोलिस खात्यातली नोकरी म्हणजे बदल्या. गाव बदलले की मुलाची शाळा बदलायची, मित्र बदलायचे. या ओढाताणीत अभ्यास मागे पडला आणि 1930 मध्ये उज्जैनला मिडलच्या परीक्षेत गजानन नापास झाला. दुसऱ्या वर्षी तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. शाळेने जे दिले नाही ते घराने दिले. आईला वाचनाचे वेड होते. हरी नारायण आपटे आणि प्रेमचंद हे तिचे आवडते कादंबरीकार. पुस्तक वाचताना तिचे डोळे भरून येत, आणि पुस्तकातल्या दुःखाचा आपल्या घराशी, शेजाराशी काही संबंध आहे हे ती मुलाला बोलून दाखवी. साहित्य ही करमणूक नसून माणसे ओळखण्याची रीत आहे, हा संस्कार मुक्तिबोधांवर आईने केला. मोठेपणी त्यांनी प्रेमचंदांवर लिहिताना या ऋणाचा आवर्जून उल्लेख केला.

दुसरा संस्कार उज्जैनच्या परिसराचा. महाकालाचे हे नगर कालिदासाने अजरामर केले आहे. 'मेघदूता'तला यक्ष मेघाला वाट वाकडी करून या नगरीत जायला सांगतो आणि महाकालाच्या सायंपूजेपर्यंत थांबायला सुचवतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातले उज्जैन अर्थातच वेगळे होते. एकीकडे घाट, देवळे, यात्रेकरू आणि पंडे. दुसरीकडे कापडगिरण्यांचे भोंगे आणि अरुंद बोळांतली निम्न मध्यमवर्गीय घरे. गाव संपताच माळव्याची मोकळी, काळ्या मातीची मैदाने सुरू होत. वड, पिंपळ, उंबराची जुनी झाडे, ओसाड वावी, पडके वाडे आणि या सगळ्यातून वळणे घेत जाणारी क्षिप्रा. शाळकरी गजानन या परिसरात तासन्‌तास भटके. 1943 च्या 'तार सप्तका'साठी आपल्या कवितेची हकिकत सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी कोणत्याही गुरूच्या आधी क्षिप्रेच्या लाल सांजवेळांचा आणि झाडांच्या सावल्यांचा निर्देश केला. सौंदर्याची पहिली ओढ त्यांना तिथे लागली होती.

या भटकंतीत रोजचे काही क्षण असे येत की त्या वेळी काही घडत नसे. नदीकाठी अंधार उतरताना नुसते बसून राहायचे, दिवसभरात पाहिलेले, ऐकलेले मनात परत येऊ द्यायचे. पुष्कळांच्या वाट्याला असे क्षण येतात आणि विरून जातात. मुक्तिबोधांनी त्यांचा पाठपुरावा जन्मभर केला. निवांतपणात मनापुढे उभे राहणारे चित्र नेमके कुठून येते, त्यात आपले किती आणि जगाचे किती, आणि ते शब्दांत उतरेपर्यंत त्याचे काय होते, या प्रश्नांनी त्यांचे काव्य आणि काव्यविचार दोन्ही घडवले.

माध्यमिक शिक्षणानंतर ते इंदूरच्या होळकर कॉलेजात गेले आणि 1938 मध्ये बी.ए. झाले. कविता लिहिणे सुरू झालेच होते. माखनलाल चतुर्वेदी यांच्या धाटणीचा प्रभाव त्या काळच्या माळव्यातल्या तरुण कवींवर होता आणि त्यांच्याच खांडव्याच्या 'कर्मवीर'मध्ये मुक्तिबोधांच्या आरंभीच्या कविता छापून आल्या. 1939 मध्ये त्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून शांताबाईंशी प्रेमविवाह केला. वडिलांची इच्छा मुलाने वकील व्हावे अशी होती. मुलाने मास्तरकी पत्करली. येथून आर्थिक ओढग्रस्तीचा जो प्रवास सुरू झाला तो अखेरपर्यंत थांबला नाही.

उज्जैनपासून फार दूर नसलेल्या शुजालपूरला शारदा शिक्षा सदन या शाळेत ते शिकवू लागले. तिथे नेमिचंद्र जैन यांचा सहवास लाभला. 1938 ते 1942 या वर्षांचे वर्णन मुक्तिबोधांनी स्वतःच मानसिक संघर्षाची वर्षे असे केले आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांच्या विचाराने ते भारावले होते. माणसाच्या आतला जीवनप्रवाह हेच खरे वास्तव, ही भूमिका एकांतप्रिय तरुणाला मानवणारी होती. पण शुजालपूरच्या चर्चांत मार्क्सवाद भेटला आणि आतल्या प्रवाहाकडे पाहणाऱ्या नजरेला बाहेरच्या जगाचा हिशेब मागितला गेला. आपण एकटे बसून जे अनुभवतो ते केवळ आपले असते का? ज्या घरात आपण वाढलो, ज्या वर्गात जन्मलो, ज्या पगारावर जगतो, त्याची छाया त्या एकांतावर पडत नाही का? मुक्तिबोधांनी यातली एक बाजू निवडून दुसरी टाकून दिली नाही. दोन्हींचा ताण त्यांनी आयुष्यभर सोसला.

1942 मध्ये ते उज्जैनला परतले आणि 1945 पर्यंत तिथेच शिक्षक म्हणून राहिले. ही तीन वर्षे महत्त्वाची ठरली. बाहेर महायुद्ध पेटलेले, देशात 'चले जाव' आंदोलन, गावात महागाई. मुक्तिबोधांनी उज्जैनमध्ये मध्य भारत प्रगतिशील लेखक संघाची उभारणी केली. 1944 च्या अखेरीस इंदूरला फॅसिझमविरोधी लेखकांचे संमेलन भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. राहुल सांकृत्यायन त्याचे अध्यक्ष होते. याच काळात अज्ञेय यांनी संपादित केलेले 'तार सप्तक' प्रसिद्ध झाले आणि हिंदी कवितेला नवे वळण मिळाले. त्यातल्या सात कवींत मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी मातृभाषेचे होते, आणि माचवे त्या वेळी उज्जैनच्याच माधव कॉलेजात शिकवत होते.

उज्जैन सुटले ते पोटासाठी. बनारसला 'हंस' मासिक, मग जबलपूर, 1948 पासून नागपूर. नागपुरात सरकारच्या माहिती खात्यात, आकाशवाणीवर आणि पुढे 'नया खून' या साप्ताहिकात त्यांनी काम केले. एम.ए.ची पदवीही त्यांनी नागपूरला असतानाच, संसाराचा गाडा ओढत मिळवली. नोकरी, कर्ज, आजारपणे यांतून मोकळा वेळ असा नव्हताच. रात्री उशिरापर्यंत मित्रांबरोबर लांबलांब फिरणे, चहा, विडी आणि न संपणारी चर्चा ही त्यांची सवय त्यांच्या अनेक स्नेह्यांनी नोंदवली आहे. किशोरवयात क्षिप्राकाठी जी सांजवेळ होती, तिची जागा आता शहरातल्या रात्रीने घेतली. निवांतपणा मिळत नसेल तर तो झोपेतून काढून घ्यायचा, असा हा व्यवहार होता.

या चिंतनाचे सर्वांत स्पष्ट रूप 'एक साहित्यिक की डायरी' या लेखनात दिसते. हरिशंकर परसाई संपादित करीत असलेल्या जबलपूरच्या 'वसुधा' मासिकात 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही लेखमाला प्रसिद्ध होत होती. नाव डायरीचे असले तरी तिच्यात दिनक्रमाच्या नोंदी नाहीत. रोजच्या जगण्यातला एखादा प्रसंग, एखादा मित्र, एखादी पायपीट घेऊन लेख सुरू होतो आणि बोलता बोलता साहित्याच्या मूलभूत प्रश्नापाशी येतो. त्यातला 'तीसरा क्षण' हा लेख हिंदी काव्यविचारात पायाभूत मानला जातो. वीसेक वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर रानोमाळ हिंडलो, टेकड्या चढलो, नद्या ओलांडल्या, त्या केशव नावाच्या मित्राशी चाललेला हा संवाद आहे. लेखाला आवरण आठवणीचे आहे, पण त्यातून कलानिर्मितीचे एक शास्त्रच उलगडत जाते.

मुक्तिबोधांच्या मते कलेचे तीन क्षण असतात. पहिला क्षण जीवनातल्या उत्कट अनुभवाचा. हा अनुभव सर्वांनाच येतो. दुःख, अपमान, प्रेम, भीती यांवर कवीची मक्तेदारी नाही. दुसऱ्या क्षणी हा अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटा होतो आणि एखाद्या कल्पनाचित्रासारखा, फँटसीसारखा डोळ्यांपुढे उभा राहतो. भोगणारा माणूस आता पाहणाराही होतो. अनुभव त्याचाच असतो, पण आता तो त्याच्याकडे थोड्या अंतरावरून पाहू शकतो, आणि म्हणूनच त्याच अनुभवात त्याला इतरांचेही जगणे दिसू लागते. तिसरा क्षण शब्दांचा. कल्पनाचित्राला भाषेत उतरवण्याची प्रक्रिया सुरू होते आणि ती पूर्ण होईपर्यंत हा क्षण संपत नाही.

या मांडणीतले मर्म तिसऱ्या क्षणात आहे. मनातले चित्र तयार आहे आणि फक्त शब्दांची नक्कल करायची आहे, असे होत नाही. भाषा कवीच्या मालकीची नसते. ती समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली असते आणि प्रत्येक शब्दाबरोबर इतरांचे अनुभव, इतरांचे अर्थ कवितेत शिरतात. मूळ चित्र त्यामुळे बदलते, वाढते, कधी कवीच्या हातून निसटते. कविता पुरी होते तेव्हा ती पहिल्या चित्रापेक्षा वेगळी वस्तू असते. आणि या झटापटीत भाषाही थोडी बदलते, श्रीमंत होते. क्षण असे नाव असले तरी हा तिसरा टप्पा फार लांब चालू शकतो. मुक्तिबोधांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे चाले.

नदीकाठच्या निवांत क्षणाला म्हणून त्यांच्या विचारात मान आहे, पण तो पुरेसा नाही. शांत बसल्यावर जे सुचते त्याला कविता मानण्याची घाई त्यांना मान्य नव्हती. एकांतात मनाला जे गोड वाटते ते पुष्कळदा आपल्याच सवयींचे, आपल्याच वर्गाच्या आवडीनिवडीचे प्रतिबिंब असते, असा त्यांचा आक्षेप होता. घट्ट होऊन बसलेल्या सौंदर्याभिरुचीवर त्यांनी केलेली टीका याच जाणिवेतून आली आहे. चिंतनाने मनाला प्रश्न विचारायचे असतात, आणि त्यांतला पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा असतो, अशी त्यांची धारणा होती.

केवळ आत वळलेल्या चिंतनाचा धोका त्यांनी ज्या कवितेत मांडला, ती 'ब्रह्मराक्षस'. गावाबाहेरची ओसाड वाव, खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, भोवती उंबराच्या गुंतलेल्या फांद्या, आणि तळाच्या अंधारात राहणारा एका विद्वानाचा अतृप्त आत्मा. तो आपले अंग सतत घासतो आहे, पण मळ काही निघत नाही. जगातले सगळे ग्रंथ, सगळी तत्त्वज्ञाने त्याला पाठ आहेत. त्यांचे त्याने लावलेले अर्थ त्या वावीतच घुमत राहतात. माळव्यातल्या कोणत्याही जुन्या गावाबाहेर दिसावे असे हे दृश्य आहे. शुद्धतेचा ध्यास घेऊन स्वतःतच अडकलेला विचारवंत त्यात उभा आहे. पण कवी त्याची थट्टा करीत नाही. कवितेच्या शेवटी त्याला या ब्रह्मराक्षसाचा शिष्य व्हावेसे वाटते आणि गुरूचे अपुरे राहिलेले काम शेवटाला न्यावेसे वाटते. एकांतातला शोध खोटा नव्हता; तो वावीबाहेरच्या माणसांपर्यंत पोहोचला नाही, हे त्याचे दुर्दैव होते. मुक्तिबोधांना हा धोका बाहेरून पाहून कळलेला नव्हता. तो त्यांच्याही स्वभावात होता.

'अंधेरे में' या दीर्घ कवितेत ती वावीबाहेरची वाट आहे. आयुष्याच्या अंधाऱ्या खोल्यांतून कोणीतरी चालत असल्याची चाहूल कवितेतल्या माणसाला लागते. ती आकृती म्हणजे त्याचेच हरवलेले, पूर्ण रूप आहे. तिचा शोध घेत तो मध्यरात्रीच्या शहरात येतो, आणि तिथे त्याला एक विचित्र मिरवणूक दिसते. सैनिकी इतमामात चाललेल्या त्या मिरवणुकीत कुप्रसिद्ध गुंडाच्या जोडीला शहरातले प्रतिष्ठित पत्रकार, कवी, उद्योगपती आहेत. हे पाहिल्याबद्दल आता त्याचाच पाठलाग सुरू होतो. वाटेत लोकमान्य टिळकांचा पुतळा येतो आणि त्याच्या नाकातून रक्त वाहू लागते. अंधारात गांधीजी भेटतात आणि त्याच्या हाती एक मूल सोपवतात. कविता संपते तेव्हा त्याचा शोध खोलीच्या आत राहिलेला नाही. तो गल्लीगल्लीतून, प्रत्येक चेहऱ्यात आपली खरी अभिव्यक्ती शोधतो आहे. या कवितेवर मुक्तिबोध अनेक वर्षे काम करीत होते. एका माणसाच्या मूक चिंतनातून सुरू झालेली ही कविता स्वतंत्र भारतातल्या मध्यमवर्गाची साक्ष काढते.

गोव्यासारख्या प्रदेशातल्या वाचकाला मुक्तिबोध बंधूंच्या भाषानिवडीचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. एकाच घरात दोन-तीन भाषा नांदणे येथे नवे नाही. बाकीबाब बोरकरांनी तर मराठी आणि कोंकणी या दोन्हींत काव्य केले. मुक्तिबोधांच्या घरी बोलणे मराठीत, शाळा आणि गाव हिंदीचे, आणि वाचन मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींचे. त्यांच्या हिंदीत संस्कृतप्रचुर लांब समास आढळतात, आणि ती सरळ, गोड वाहत नाही अशी तक्रारही झाली. पण परिचित गोडव्याचा मोह त्यांना नव्हता. ज्या भाषेत मन वाढले आणि ज्या भाषेत लिहायचे ती भाषा वेगळी असली की प्रत्येक शब्द निवडावा लागतो. तिसऱ्या क्षणातल्या कष्टांची एवढी बारीक जाण त्यांना होती, तिचे एक कारण या दुभाषिक जगण्यात असावे.

1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. जुन्या राजवाड्याच्या आवारात, तलावांच्या शेजारी राहायला घर मिळाले. चक्री जिन्याचे ते घर त्यांच्या कवितेतल्या वास्तूंसारखेच होते. आयुष्यात प्रथमच थोडी स्थिरता आली आणि त्यांचे महत्त्वाचे लेखन या काळात पूर्णत्वाकडे गेले. 'कामायनी : एक पुनर्विचार' 1961 मध्ये प्रसिद्ध झाले. पण स्वस्थता टिकली नाही. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. हा आघात त्यांच्या जिव्हारी लागला.

1964 च्या फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. हरिशंकर परसाई, श्रीकांत वर्मा, अशोक वाजपेयी अशा लेखकांनी धावपळ केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत विषय नेला, आणि त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. दीर्घ बेशुद्धीनंतर 11 सप्टेंबर 1964 रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत चित्रकार मकबूल फिदा हुसेन अनवाणी चालले, आणि त्यांनी पादत्राणे कायमची सोडली ती तेव्हापासून, असे सांगितले जाते.

मुक्तिबोधांच्या हयातीत त्यांचा स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नव्हता. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला संग्रह मित्रांनी सिद्ध केला आणि तो 1964 मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो पाहायला कवी राहिला नव्हता. 'अंधेरे में' ही कविताही हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर 1964 मध्ये आली. मग मात्र त्यांच्या नावाचा दबदबा वाढत गेला. 1980 मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली समग्र रचनावली सहा खंडांत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मणी कौल यांनी त्यांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट केला. राजनांदगावच्या त्या घरात आज त्यांचे स्मारक आहे.

मुक्तिबोधांपाशी निवांतपणाची साधने नव्हती. नोकरी टिकाऊ नव्हती, घर भाड्याचे होते आणि उसनवारी नेहमीची होती. तरीही रोजच्या दिवसातून थोडा वेळ काढून स्वतःला जाब विचारण्याचे त्यांनी सोडले नाही, आणि त्यातून जे हाती आले ते पुन्हापुन्हा तपासून पाहिल्याशिवाय लोकांपुढे ठेवले नाही. त्यांच्या बहुतेक कविता त्यांच्या दृष्टीने अपुऱ्याच राहिल्या. क्षिप्राकाठी सुरू झालेला पहिला क्षण त्यांनी तिसऱ्यापर्यंत नेला, तो पुरा झाला असे मात्र कधी म्हटले नाही. पुढच्या पिढ्यांतले हिंदी कवी अजूनही त्यांच्या कवितेकडे वळतात, ते बहुधा हे अपुरे काम पुढे नेण्यासाठीच.